लठ्ठपणा आणि गर्भधारणा: उंदरांवरच्या प्रयोगांतून काय कळते, काय कळत नाही

लग्नाला तीन-चार वर्षे झालेली असतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन वाढलेले असते आणि घरात कोणीतरी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवते: लठ्ठ उंदरांना पिल्ले होत नाहीत, असे शास्त्रज्ञांना आढळले. भिवापूरला माझ्याकडे ही बातमी अधूनमधून येतच असते. एकदा एका सासूबाईंनी ती सुनेच्या समोरच सांगितली आणि वर जोड दिली, "मॅडम, जास्त चरबी धरली की गायही फळत नाही, तसंच आहे हे." सून खाली पाहत बसली होती.

सासूबाईंचे गोठ्यातले निरीक्षण खोटे नव्हते. जनावर फार अंगावर आले की माज नीट दाखवत नाही किंवा वारंवार उलटते, हे गुरे पाळणाऱ्यांना माहीत असते. प्रयोगशाळेतही त्याच्याशी मिळतेजुळते दिसले आहे. पण त्यावरून त्यांनी सुनेबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी त्या प्रयोगांत नेमके काय झाले ते पाहावे लागते. तुमच्या घरातही असे बोलणे होत असेल तर हा लेख घरातल्यांनाही वाचायला द्या.

पाळीचे घड्याळ कुठे असते?

पाळी गर्भाशयातून येते, पण तिचे घड्याळ मेंदूत असते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. पाळीनंतरच्या दिवसांत तो साधारण तासा-दीड तासाने जीएनआरएच नावाच्या हार्मोनचा, म्हणजे संप्रेरकाचा, छोटा झोत सोडतो. या झोतांच्या तालावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातली बीजाची पिशवी वाढते. वाढती पिशवी इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेन पुरेसे झाले की एलएचची मोठी लाट येते आणि बीज बाहेर पडते. मागे राहिलेल्या पिशवीतून मग प्रोजेस्टेरॉन येते आणि ते गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

बीजच सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन येत नाही. इस्ट्रोजेनमुळे अस्तर मात्र वाढत राहते. "तीन महिने आली नाही, आणि आता आली तर पंधरा दिवस थांबत नाही" अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा हेच घडलेले असते. मूल नको असले तरी अशी पाळी अंगावर काढू नका. अस्तर वर्षानुवर्षे असे वाढत राहिले तर पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

शरीरात शिल्लक किती आहे याची खबर या घड्याळाला सतत लागते. गर्भ वाढवणे आणि नंतर अंगावर पाजणे हे खर्चाचे काम आहे, म्हणून साठा फार कमी असेल तर मेंदू पाळीच थांबवतो. खूप उपासमार झालेल्या किंवा अतिशय कडक व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी त्यामुळे बंद होते. ही खबर मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्यांपैकी दोन हार्मोन महत्त्वाची आहेत. एक लेप्टिन, ते चरबीच्या पेशींतून येते. दुसरे इन्सुलिन, ते स्वादुपिंडातून येते. लठ्ठपणात ही दोन्ही वाढतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

उंदरीण माजावर आली हे कसे कळते?

प्रयोगशाळेत दोन प्रकारचे उंदीर वापरतात. छोटा तो माऊस आणि मोठा तो रॅट. दोघांच्या माद्यांचे चक्र चार-पाच दिवसांचे असते आणि त्यात रक्तस्राव होत नाही. चक्र कोणत्या टप्प्यात आहे हे बघण्यासाठी रोज सकाळी योनीतल्या पेशींचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींचे रूप दिवसागणिक बदलते. ही युक्ती १९१७ मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी गिनिपिगांवर दाखवली. त्याच पापानिकोलाउंनी पुढे स्त्रियांमध्ये अशीच तपासणी केली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आज होणारी पॅप तपासणी त्यातून आली. तिच्या नावातला "पॅप" म्हणजे त्यांच्याच नावाचे पहिले अक्षर.

चक्र चार दिवसांचे आणि गर्भारपण तीन आठवड्यांचे, त्यामुळे माणसात पाहायला वर्षे लागतील ते उंदरांमध्ये काही महिन्यांत दिसते. लठ्ठ केलेल्या माद्यांच्या रोजच्या नमुन्यांत पहिला बदल साधारणपणे असा दिसतो, की चक्र लांबते, एकाच टप्प्यावर अडून बसते किंवा टप्प्यांचा क्रम बिघडतो. बीज सुटण्याचे प्रमाण त्यानंतर घटते.

एका जनुकाने लठ्ठ झालेले उंदीर

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर आपोआपच अतिशय लठ्ठ निपजले. पुढे त्यांना ओबी/ओबी हे नाव पडले. हे उंदीर सतत खात आणि त्यांच्या माद्यांना पिल्ले होत नसत. लठ्ठपणामुळे वंध्यत्व आले, असा सरळ अर्थ कोणीही काढला असता. पण या माद्यांना मोजके अन्न देऊन बारीक ठेवले तरी त्या गाभण राहत नव्हत्या. म्हणजे नुसते वजन हे कारण पुरेसे नव्हते.

उत्तर मिळायला १९९४ साल उजाडले. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचे जनुक शोधले. ओबी/ओबी उंदरांत हेच जनुक बिघडलेले होते, त्यामुळे त्यांच्या अंगात लेप्टिन तयारच होत नव्हते. चरबी भरपूर, पण मेंदूला तिची खबर नाही. मेंदूच्या हिशेबी शरीर उपाशीच होते. म्हणून भूक थांबेना आणि प्रजननाचे घड्याळही चालू होईना. १९९६ मध्ये अशा माद्यांना लेप्टिनची इंजेक्शने दिली, तेव्हा त्यांच्यात बीज सुटू लागले आणि त्यांना पिल्ले झाली.

हे वाचून "मग मलाही लेप्टिन द्या" असे वाटणे साहजिक आहे. मात्र जन्मतः लेप्टिन नसणे ही माणसात अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. वजन वाढलेल्या बहुतेक स्त्रियांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. मेंदू त्याला दाद देईनासा होतो. त्यामुळे लेप्टिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर किंवा पावडरींवर पैसे घालवू नका.

हैदराबादचे उंदीर

लेप्टिन भरपूर असूनही काम करत नाही, अशा प्राण्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. नागपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येईल अशा हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ही संस्था १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. संस्थेने पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या विस्टार जातीच्या रॅटमध्ये १९९६ च्या सुमारास काही पिल्ले आपोआप लठ्ठ निपजली. त्यांच्यापासून डब्ल्यूएनआयएन/ओबी नावाचा वंश तयार झाला. साधा रॅट काही शे ग्रॅमचा असतो. या वंशातले काही एक किलोच्याही पुढे जातात. त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असते, चरबी जास्त असते आणि लेप्टिनही जास्त असते.

या वंशातल्या लठ्ठ माद्यांना पिल्ले होत नाहीत आणि लठ्ठ नरही वंध्य असतात. मग वंश टिकतो कसा? त्याच घराण्यातल्या, बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या नर-मादीची जोडी लावतात. त्यांच्या पिल्लांपैकी काही लठ्ठ निघतात. वंध्यत्वाचा प्रश्न नर आणि मादी दोघांतही असल्याची नोंद या उंदरांनी आपोआप करून ठेवली आहे. बातम्यांत ती बहुतेक वेळा गळून जाते.

खाऊन लठ्ठ झालेले उंदीर

तुमच्या-माझ्या परिस्थितीच्या जवळचे प्रयोग हे. यात निरोगी माद्यांना तेलकट-तुपकट खाद्य देऊन लठ्ठ करतात. प्रयोगशाळेच्या साध्या खाद्यात स्निग्ध पदार्थांतून येणारी ऊर्जा साधारण दहा-बारा टक्के असते. या खाद्यात ती ४५ किंवा ६० टक्के ठेवतात. तर्रीवर तेलाचा थर कितीही दिसला तरी आपल्या दिवसभराच्या जेवणात ६० टक्के ऊर्जा तेलातून येत नाही. त्यामुळे असे आकडे वाचताना थोडे थांबावे.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. दोन वेगळ्या जातींच्या माऊस माद्यांना असे तेलकट खाद्य दिले. डीबीए जातीच्या लठ्ठ माद्यांमध्ये आपोआप गाभण राहण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. दुसऱ्या, सी५७ नावाच्या काळ्या जातीत तसे झाले नाही. खाद्य तेच असूनही फळ वेगळे मिळाले, ते घराण्यामुळे. एकाच घरात, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या दोन जावांपैकी वजनदार असलेल्या एकीला लगेच दिवस जातात आणि दुसरीची पाळी बिघडते, याचे आश्चर्य वाटायला नको.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती. पिल्ले न होणाऱ्या डीबीए माद्यांना बाहेरून हार्मोनची इंजेक्शने दिली, तेव्हा त्यांच्या अंडाशयांनी नीट प्रतिसाद दिला. म्हणजे अंडाशय काम करायला तयार होते, वरून हुकूमच येत नव्हता. बिघाड घड्याळात होता.

पण इतर प्रयोगांत बिघाड खाली, अंडाशयातही सापडला. इथे इन्सुलिनची गोष्ट येते. वजन वाढले, विशेषतः पोटावर चरबी साठली, की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीसारखे ऐकत नाहीत. साखर आवरण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. अंडाशय मात्र इन्सुलिनचे ऐकत राहते. रक्तातल्या जादा इन्सुलिनमुळे बीजाच्या पिशवीभोवतालच्या पेशी टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन जास्त तयार करू लागतात. मग पिशव्या अर्ध्यावर वाढून थांबतात. २०१४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी अशा माद्या तयार केल्या, ज्यांच्या अंडाशयातल्या नेमक्या या पेशींना इन्सुलिनचा संदेश घेताच येत नव्हता. तेलकट खाद्यावर त्याही लठ्ठ झाल्या, पण त्यांच्यात पुरुषी हार्मोन तेवढी वाढली नाहीत आणि गाभण राहण्याची क्षमता बरीच टिकली. वजन तसेच असून एकच दुवा तोडला, तरी फरक पडला.

हनुवटीवर केस येणे, मुरुम जाणे-येणे, मानेवर आणि काखेत काळसर मखमली कातडी, लांबलेली पाळी ही लक्षणे एकत्र असतील तर तुमच्या शरीरात बहुधा हाच दुवा ताणलेला आहे. याला पीसीओएस म्हणतात. बोलण्यात सगळे पीसीओडीच म्हणतात. मानेवरचा काळेपणा हा मळ नसतो. तो इन्सुलिन वाढल्याची खूण आहे, घासून जाणार नाही. घासून घासून कातडी सोललेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

बीजाचे काय होते?

हा भाग वाचायला जरा जड आहे, पण लपवून ठेवण्यासारखा नाही.

लठ्ठ उंदरिणींची बीजे काढून पाहिली, तेव्हा त्यांच्यातले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे घटक, बिघडलेले दिसले. काही बीजांत गुणसूत्रांची वाटणी चुकत होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ माद्यांचे अगदी सुरुवातीचे गर्भ काढून बारीक, निरोगी माद्यांच्या गर्भाशयात ठेवले. तरीही त्यांतल्या काही पिल्लांची वाढ खुंटलेली आढळली. गर्भाशय चांगले मिळूनही बीजावर आधी झालेला परिणाम पुसला गेला नाही. २०१५ मध्ये त्याच दिशेने पुढचा प्रयोग झाला. लठ्ठ माद्यांना आठ आठवडे साध्या खाद्यावर ठेवले. वजन उतरले, साखर सुधारली, पण बीजांतले दोष बऱ्याच अंशी तसेच राहिले.

हे वाचून घाबरू नका, आणि "मग वजन कमी करून उपयोग काय" असेही म्हणू नका. अनेक वजनदार स्त्रियांना निरोगी बाळे होतात, हे तुम्ही रोज आजूबाजूला पाहता. या प्रयोगांतून माझ्यासारख्या डॉक्टरने घेण्याची गोष्ट एवढीच, की घड्याळ लवकर दुरुस्त होते आणि बीजाला जास्त वेळ लागू शकतो. स्त्रीच्या अंडाशयात बीजाच्या पिशवीच्या वाढीचे शेवटचे टप्पे साधारण तीन महिने चालतात. म्हणून खाण्यापिण्यातला बदल गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी काही महिने सुरू केलेला बरा. एका महिन्यात उपाशी राहून पाच किलो उतरवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उपासमार घड्याळाला पुन्हा बिघडवते, हे वर आलेच आहे.

उंदीर आणि बाई यांत फरक कुठे?

उंदरिणीला पाळी येत नाही. ती एका वेळी अनेक बीजे सोडते. आणखी एक फरक डॉक्टरांनाही अनेकदा आठवत नाही. स्त्रियांच्या यकृतात एसएचबीजी नावाचे प्रथिन तयार होते, ते पुरुषी हार्मोनना रक्तात धरून ठेवते. इन्सुलिन वाढले की हे प्रथिन कमी होते आणि मोकळी पुरुषी हार्मोन वाढतात. मोठ्या झालेल्या उंदरांच्या यकृतात हे प्रथिन तयारच होत नाही. त्यामुळे लठ्ठपणाच्या स्त्रियांवरच्या परिणामाचा एक महत्त्वाचा भाग उंदरांत दिसूच शकत नाही.

म्हणून माकडांवर काम झाले. अमेरिकेत ओरेगॉन येथील केंद्रात ऱ्हिसस माकडिणींना वयात येण्यापासून तेलकट-गोड आहार आणि थोडे जादा टेस्टोस्टेरॉन दिले गेले. या माकडिणींना आपल्यासारखी महिन्याने पाळी येते. आहार आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही एकत्र मिळालेल्या गटात गर्भ राहण्याचे प्रमाण घटले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वयात येतानाच मुलीची पाळी अनियमित आणि वजन वाढते असेल, तर "लग्न झाल्यावर होईल सगळं नीट" म्हणून सोडून देऊ नये, असे मला वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

बारीक दिसते, तरीही?

आपल्याकडचा प्रश्न पाश्चात्त्य देशांपेक्षा थोडा वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आपला आणि ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक, आतून चरबीचे, असा आपला बांधा असू शकतो.

यामागे मागच्या पिढ्यांची उपासमार असावी, या विचाराने पुणे आणि सिडनीच्या शास्त्रज्ञांनी केलेले काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रॅटना तब्बल ५० पिढ्या अपुरे अन्न दिलेले होते. त्यांच्या पिल्लांचे वजन जन्मतः कमी आणि रक्तातले इन्सुलिन जास्त होते. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घातले, तरी हा बिघाड गेला नाही. हा प्रयोग गर्भधारणेवर नव्हता, चयापचयावर होता. पण आजी-पणजीने दुष्काळ पाहिलेला आणि नातीच्या घरात आता फरसाण-बिस्किटे सहज येतात, अशा आपल्या घरांकडे बघताना तो मला आठवतो. सुनेचे वजन म्हणजे तिचा आळस, असे म्हणणाऱ्यांनीही तो आठवावा.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली ठेवल्या आहेत. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाच फूट उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ साधारण ५३ आणि ५८ किलो. कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर काटा काहीही म्हणो, साखर तपासून घ्या.

मग करायचे काय?

वजन जास्त आणि पाळी अनियमित असलेल्या स्त्रियांमध्ये आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले, तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते आणि बीज सुटू लागते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. "आधी पंचावन्न किलोवर या, मग बघू" असे कोणी सांगितले असेल तर ते विसरा. संध्याकाळी भाताचे ताट अर्धे करून वरण-भाजी वाढवणे, चहातली साखर कमी करणे, तळलेल्या पोह्यांऐवजी साधे पोहे, शेंगदाणे किंवा उकडलेली अंडी, आणि रोज अर्धा-पाऊण तास दम लागेल असे चालणे. मिरची तोडायला जाणाऱ्या बायका विचारतात, की दिवसभर तर राबतो, अजून चालायचे कशाला? रास्त प्रश्न आहे. तोडणीच्या दिवसांत वेगळे चालायची गरज नाही, पण हंगाम संपला की शरीर थांबते आणि जेवण तेवढेच राहते.

मिरचीचाच विषय निघाला म्हणून सांगते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीच्या गावात हा प्रश्न येणारच: तिखटाने उष्णता होऊन गर्भ राहत नाही का? नाही. मिरचीचा यात दोष नाही. रश्श्यावरच्या तेलाचा हिशेब मात्र ठेवावा.

वय बघणे महत्त्वाचे आहे. नेदरलँड्समध्ये वजनदार आणि गर्भ न राहणाऱ्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला आधी सहा महिने वजन कमी करायला लावले, दुसऱ्याचे उपचार लगेच सुरू केले. पहिल्या गटात उपचारांशिवाय दिवस जाण्याचे प्रमाण जास्त होते, २६ टक्के विरुद्ध १६ टक्के. पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचे, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात जास्त निघाले. उंदरांच्या प्रयोगांतून हे कधीच कळले नसते. म्हणून वय पंचविशीतले असेल तर सहा महिने वजनावर काम करायला हरकत नाही. पस्तिशी जवळ आली असेल तर वजनाच्या नावाखाली उपचार लांबवू नका, दोन्ही बरोबर चालू द्या.

वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर डॉक्टरांना भेटा. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळी दोन-तीन महिने येतच नसेल तर वाट न पाहता. पहिल्या भेटीत थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि सोनोग्राफी एवढ्यावर बरेचसे समजते. इथे सोय नसेल तर नागपूरला मेडिकल किंवा मेयोच्या स्त्रीरोग विभागात जाता येते. खासगी केंद्रात लाखाचा खर्च ठरवण्याआधी तिथला सल्ला घ्या. बीज सुटण्यासाठी आज बहुधा लेट्रोझोल देतात. २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती पुढे उठली. त्यामुळे जुनी बातमी वाचून गोळी बंद करू नका. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी काही जणींना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही. प्रयत्न सुरू करतानाच फॉलिक ॲसिड घ्या. वजन जास्त असेल तर मात्रा किती, ते डॉक्टर ठरवतील.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळतात. त्यांनी वजन आणि साखर उतरते, पाळी सुरू होते आणि बाई नकळत गरोदर राहू शकते. गाभण प्राण्यांना सेमाग्लुटाइड दिले तेव्हा गर्भांवर वाईट परिणाम दिसले, म्हणून ते गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. इथे प्राण्यांवरचा प्रयोग थेट तुमच्या कामाचा आहे. ही इंजेक्शने स्वतःहून किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका.

सुरुवातीला सांगितलेल्या सुनेच्या हातातल्या फायलीत चार वर्षांचे कागद होते. सोनोग्राफी सहा वेळा झालेली, हार्मोनच्या तपासण्या तीन वेळा. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नव्हती. या तपासणीला काही शे रुपये लागतात आणि सुई टोचावी लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, शक्यतो प्रयोगशाळेतच, किंवा घरून आणल्यास तासाभराच्या आत. पहिल्या भेटीला नवऱ्याने सोबत यावे आणि ही तपासणी बाईच्या तपासण्यांबरोबरच करून घ्यावी. त्याचे वजन आणि कंबरही मी त्याच दिवशी मोजते.